सगळ्यांच्या मागे कंडक्टरमामा

आमच्या रविवारच्या डोंगरग्रुपात कंडक्टरमामा कायम सगळ्यांच्या मागे असायचे. कायम म्हणजे कायम. डोंगर कुठलाही असो, ऊन असो की भुरभुर असो, रांगेत शेवटी कोण आहे हे बघायला मान वळवायची गरज नसायची. डोक्याला पंचा, पायात नोकरीतले काळे बूट आणि पाठीवर नातवाने टाकून दिलेलं दप्तर. दप्तरावर एक फिकट निळी मोटार छापलेली होती. साठी उलटलेल्या माणसाच्या पाठीवर ती मोटार बघून नवीन आलेली मंडळी हसायची. मामाही हसायचे.

त्यांची उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं नगर-कर्जत गाडीवर. कंडक्टर म्हणजे तिकिटं फाडणारा माणूस, असं मी एकदा बोलून गेले, तर म्हणाले, "तिकीट काय बाई, कुनीबी फाडील. कंडक्टरचं खरं काम दारात. शेवटलं मानूस चढलं का, त्याचा पाय आत आला का, त्याची पिशवी भायेर लोंबत न्हाई ना, हे बघायचं आन मगच डबल बेल मारायची." हाच कारभार त्यांनी निवृत्तीनंतर डोंगरावर आणला. नगरात सावेडीच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या चारदोन माणसांना गोळा करून हा ग्रुप त्यांनीच सुरू केला होता. वाटेत कुठेही टेकलो की पुन्हा निघताना सगळ्यात मागून आवाज यायचा, "टिन् टिन्!" तो आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही.

दुसरा नियम डब्यांचा. वर कितीही लवकर पोचा, मागचा माणूस येऊन बसेपर्यंत एकाही डब्याचं झाकण उघडायचं नाही. भुकेने जीव चालला असं कुणी म्हणालं की मामा त्याला सुनवायचे, "गाडी फलाटाला लागली तरी शेवटलं पाशिंजर उतरंस्तोवर कंडक्टर च्याला जात न्हाई. तुमाला काय धाड भरली?" शिक्षक, वकील, दुकानदार, सगळे गप बसायचे आणि डब्याकडे बघत राहायचे.

मी या ग्रुपात आले ती डॉक्टरांच्या धाकाने. शाळेत उभं राहून शिकवायचं आणि घरी येऊन बसून खायचं, यात वजन बेसुमार वाढलेलं. पहिल्याच चढाला माझ्या छातीचा भाता झाला. पुढची माणसं ठिपक्याएवढी झाली आणि मला रडू यायला लागलं. एवढ्यात मागून मामा म्हणाले, "थांबा हो बाई, माज्या बुटात खडा गेलाय." ते खाली बसले, सावकाश नाडी सोडली, बूट झटकला, पुन्हा नाडी बांधली. तोवर माझा दम परत आला. पुढच्या वळणावर परत खडा. त्या दिवशी मामांच्या बुटात इतके खडे गेले की मला शेवटी हसू आलं. "मामा, एवढे खडे वाटेवर तरी आहेत का?" तर म्हणाले, "मोजू नका. चाला."

माणूस हळू होता म्हणाल, तर डोंबलाचा हळू! एकदा आमच्यातल्या एकीचा चष्मा पायथ्याच्या टपरीवर राहिला. बाई रडकुंडीला आली. मामांनी माझ्याकडे दप्तर दिलं आणि उतरले ते बकरीच्या चालीने. मी अजून पहिला घोट पाणी पीत होते तोवर परत वर आलेले, हातात चष्मा आणि कपाळावर घामाचा पत्ता नाही. चष्मा बाईंपर्यंत पुढे पोचता केला आणि पुन्हा माझ्या मागे येऊन उभे राहिले. हे मी पाहिलं, कारण मी शेवटून दुसरी. पुढच्यांना फक्त चष्मा मिळाला. तो कुणी कसा आणला, कुणी विचारलं नाही.

मामी कधी डोंगरावर आल्या नाहीत, पण त्यांच्या दशम्या यायच्या. दुधातल्या, गुळाच्या, मऊसूत. दप्तरात फडक्यात बांधलेला तो गठ्ठा सगळ्यांना पुरून उरायचा. मामा स्वतः वाटायचे आणि वाटताना मामींचीच तक्रार करायचे, "पहाटं उठून भांडी वाजवती, झोपू देत न्हाई." दशमीचा शेवटचा तुकडा मात्र ते डोळे मिटून खायचे.

मग लॉकडाऊन आला. ग्रुप मोबाईलात गेला. तिथे काढ्यांच्या कृती, फुलांचे फोटो, सुप्रभात. दुसऱ्या लाटेत मामा आणि मामी दोघेही एकाच दवाखान्यात, वेगळ्या मजल्यांवर होते. मामा ऑक्सिजनवर. मामी गेल्या तेव्हा मामांना कुणी सांगितलंसुद्धा नाही, बरे झाल्यावर सांगितलं. लेक पुण्याहून आली तोवर सगळं उरकलेलं. ग्रुपवर एकाखाली एक हात जोडलेली चित्रं आली, आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी घरच्या घरी पिझ्झा कसा करायचा ते टाकलं. मला इतका संताप आला की मी मोबाईल गादीवर आपटला.

त्याच काळात ग्रुपात नवी माणसं आली आणि एक कॅप्टन आला. सैन्यातला नव्हे हो, सावेडीत व्यायामशाळा चालवणारा. स्वतःच स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. जुनी माणसं घरात दडून बसलेली, त्यामुळे ग्रुपची सूत्रं आपोआप त्याच्या हातात गेली. निर्बंध उठल्यावर त्याने पहिली सहल जाहीर केली. मांजरसुंब्याचा गड, अगदी सोपा, जेमतेम अर्ध्या तासाची चढण, डबे घेऊन या.

दुपारी मामांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "बाई, तुमी येनार ना? मी येतोय. घरात येकटा बसलो ना, की भांडं पडलं तरी दचकायला हुतं. लेक म्हनती पुन्याला ये. तिथं काय करू, चौथ्या मजल्यावरून गाड्या बघू? मला आपला गिरुप पायजे. तेवढा येक ऱ्हायलाय." मी म्हटलं, येते. यायचं मनात नव्हतं, तरी म्हटलं.

रविवारी सकाळी स्कूटरी पायथ्याला लागल्या. मामांचा सदरा अंगावर लोंबत होता. गालफडं बसलेली. पण पंचा तोच आणि दप्तर तेच. कॅप्टनने सगळ्यांना केशरी बनियनं वाटली, मामांच्या मापाचं नव्हतं. त्याने शिट्टी फुंकली आणि मंडळी सुटली. मामा शेवटी जाऊन उभे राहिले, घसा साफ करून म्हणाले, "टिन् टिन्." ऐकायला मीच होते.

पहिल्याच वळणावर ते झाडाला धरून थांबले. ओठ निळसर झालेले, छातीतून शिट्टीसारखा आवाज. मी हाक मारायला तोंड उघडलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "नगा वरडू. म्या मागं हाय तवर कुनाला काय कळत न्हाई. मामा मागंच असत्यात, असं समजत्याल. कळलं की घरी बसवत्याल मला. त्ये न्हाई सोसायचं आता, बाई." मी तिथेच दगडावर बसले आणि म्हटलं, "थांबा मामा, माझ्या बुटात खडा गेलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसायला गेले आणि त्यांना खोकला आला.

मग आम्ही खडे काढत काढत चढलो. मध्येच मामा म्हणाले, "दशम्या आनल्यात. म्या केल्यात. तीनदा बिघडल्या, चौथ्यांदा जमल्या. तिच्यावानी न्हाईत, पर खातील." म्हटलं, खातील तर काय! गडाच्या दरवाज्यात ते पुन्हा टेकले. वरून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मामांनी पंच्याने तोंड पुसलं, सदरा नीट केला, आणि मला म्हणाले, "चला, वाट बघत आसत्याल. भुकेजले आसत्याल."

कपाळ माझं! पडक्या महालाच्या सावलीत सतरंज्या अंथरलेल्या, डबे चाटूनपुसून रिकामे, लोणच्याचे ओघळ कागदावर. एक जण आडवा होऊन मोबाईल बघत होता. जुने चार चेहरे होते त्यात. डबा न उघडण्याच्या नियमावर वर्षानुवर्षं बसलेले चेहरे. ग्रुपचा फोटोही काढून झाला होता. मामांनी दप्तरातून गठ्ठा काढला, फडकं सोडलं आणि प्रत्येकापुढे धरत गेले. "अहो मामा, पोट फुटेल आता." "मामा, गोड बंद केलंय." "बांधून द्या ना, घरी नेतो." एकाने दशमी घेतली आणि न खाता रुमालात ठेवली.

मी विचारलं, "थांबला का नाहीत?" कॅप्टन हसून म्हणाला, "मॅडम, मामांसाठी किती थांबणार? ते पहिल्यापासूनच स्लो आहेत, सगळे सांगतात ना. तरी ग्रुप इतकी वर्षं सांभाळून घेतोच की." आणि त्या जुन्या चौघांपैकी एकाने, हो, मान हलवली! "मामांना चढ जमत नाही, पण हौस दांडगी," असंही म्हणाला. इतकी वर्षं हीच यांची समजूत होती. मागे कोण धापा टाकतंय हे यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. हळू आहे म्हणून मागे राहतो, म्हणून त्याच्यासाठी आपण थांबतो, आपण किती थोर! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मेल्यांनो, लाज वाटत नाही का, इथपासून मी सुरुवात केली. पण मामांनी माझा पदर ओढला. "बाई, बसा. ऱ्हाऊ द्या." ते माझ्याजवळ बसले आणि आम्ही दोघांनी दशम्या खाल्ल्या. कडेला जरा करपल्या होत्या. मामांनी समोर राहुरीकडच्या सपाटीवर नजर लावलेली होती आणि घास कितीतरी वेळ तोंडात घोळत होता.

उतरताना जे व्हायचं ते झालंच. मध्यावर मामा मटकन खाली बसले, खोकल्याने डोळे पांढरे झाले. आता मात्र सगळे धावले. पाणी, रुमाल, इनहेलर. दोघांनी त्यांना हातांच्या पाळण्यात उचलून खाली आणलं. कॅप्टनने त्याचाही फोटो काढला. मामांनी तोंड पंच्यात लपवलं होतं. त्या आठवड्यातच ग्रुपवर सूचना आली: ज्येष्ठ सभासदांच्या काळजीपोटी यापुढे साठीवरच्यांनी डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय सहलीला येऊ नये. खाली पुन्हा हात जोडलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एक बारीक ओळ दिसली, मामांनी ग्रुप सोडल्याची. तिच्याखाली कुणीतरी पुढच्या सहलीचा नकाशा टाकला. मामा का गेले, असं एकानेही विचारलं नाही. मी विचारलं, तर कॅप्टनने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. मीही ग्रुप सोडला.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. चहा तेच करायचे. ग्रुपचं नाव काढायचे नाहीत. एकदा मात्र कप खाली ठेवून म्हणाले, "येक इचारू? म्या थांबत हुतो, हे कुनालाच ठावं न्हवतं व्हय?"

"मला ठाऊक होतं, मामा."

"तुमचं काय धरायचं! तुमी तर मागच्याच." म्हणाले आणि हसले. मग कप विसळता विसळता म्हणाले, "तसं बरंच की. ठावं असतं तर आपल्यामुळं मामा थांबत्यात म्हनून लोकांना वंगाळ वाटलं असतं. पर यवढंबी लपायला नको हुतं."

पुढच्या थंडीत ते गेले. छाती तशी सावरलीच नाही. ग्रुपने सावेडीत एक हॉल घेऊन शोकसभा ठेवली, मोठा फोटो, हार, केशरी बनियनं. जायचं नव्हतं, पण लेक येणार होती म्हणून गेले. कॅप्टन उभा राहिला. "मामांची चाल हळू होती. पण जिद्द! सगळ्यांच्या शेवटी का होईना, पोचायचेच. आम्ही त्यांना कधी एकटं वाटू दिलं नाही." लोकांनी डोळे पुसले. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते, उठून त्याच्या हातातला माईक हिसकावणार तेवढ्यात लेक उभी राहिली. रडून चेहरा सुजलेला. तिने सगळ्यांपुढे हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या वडिलांना चालायला जमत नव्हतं, तरी तुम्ही इतकी वर्षं त्यांना बरोबर नेलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मी खुर्चीचा दांडा सोडला आणि बसूनच राहिले. तिला तेवढाच एक दिलासा उरलेला, तो भर सभेत कसा ओरबाडायचा? पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. कॅप्टनचं खोटं मी सोसेन, ते चौघे आयुष्यभर स्वतःला थोर समजोत, खड्ड्यात जावोत. त्या पोरीने मात्र बापाला असं आठवू नये. म्हणून लिहिते आहे, आणि हे तिला पाठवणार आहे. पोरी, तुझे वडील हळू चालत नव्हते. ते आमच्यासाठी थांबत होते.