पाखरांचं हळदीकुंकू

श्रावणातल्या शुक्रवारी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि गरम दूध-फुटाणे द्यायचे, हे आमच्याकडे दरवर्षीचंच. पण चौसष्ट साली मी घरोघर जाऊन वेगळंच आवतण देऊन आले. म्हटलं, "यंदा अंगणात चादर लावून पाखरं पाहायची आहेत, दिवेलागणीलाच या." पाखरं म्हणजे दिव्यावर झेपावणारे पतंग. समोरच्या काकू म्हणाल्या, "त्यायले काय पाहाचं वो? रोज भाजीत पडून राह्यले." मी म्हटलं, "ती मेलेली असतात काकू, आपण जिवंत पाहू." त्या पोट धरून हसल्या, पण येते म्हणाल्या.

मी नागपूरची. जीवशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, आणि लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आल्यापासून त्या पदवीचं काय करावं ते न कळून वैतागलेली. जंगल घराच्या मागे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पावसाळ्यात दिवा लावला की व्हरांड्यात पाखरांची जत्रा भरायची. मी एका वहीत त्यांची चित्रं काढत बसायचे. त्याच सुमारास मुलींच्या शाळेत विज्ञानाचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि शिकवायला बाई मिळत नव्हती. तिथल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव बडी बहनजी म्हणायचं, मला म्हणाल्या होत्या, "घरून होकार आणा. महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसरी पाहीन."

होकार म्हणजे सासूबाईंचा. मी नवऱ्याला सांगितलं, तो "आईला विचारतो" म्हणाला, आणि त्यानंतर जेव्हा म्हणून मी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर एकच, "आई अजून काही बोलली नाही." न बोलणं म्हणजे नकार, एवढं मला कळत होतं. महिना संपायला चार दिवस उरले होते. म्हणूनच मी हा घाट घातला होता आणि बडी बहनजींनाही बोलावलं होतं. मला शिकवता येतं हे सासूबाईंनी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच माझी धडपड होती.

त्या दिवशी माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चारच्या सुमारास पाऊस उघडला. रुखवतातली पांढरी चादर मी दोन बांबूंना ताणून बांधली, शेजारून गॅसबत्ती आणली, आणि तिला हवा भरायच्या कामावर नवऱ्याला नेमलं. व्हरांडा सारवून रांगोळीचे डबे मांडले. प्रत्येकीने आपल्याला आवडलेलं एक पाखरू निवडायचं, त्याचे पंख नीट न्याहाळायचे आणि तसेच्या तसे रांगोळीत काढायचे, असा माझा बेत होता. नीट पाहायला लावायचं तर याहून चांगली युक्ती मला आजही सुचत नाही.

बत्ती भडकली आणि पाचच मिनिटांत चादर भरायला लागली. आधी बारीकसारीक, मग मोठी. एक हुबेहूब वाळकं पान, एक पांढरंशुभ्र, एक भुंग्यासारखं घोंघावत येऊन चादरीवर आपटणारं. "अगं बाई, याचा काठ पाहा!" "या काळ्याले मिशा पाहा कशा, फणीवानी!" हसायला आलेल्या बायका चादरीला नाक लावून उभ्या. काकूंनी तर रांगोळीच्या डब्यावर आधी झडप घातली. मग पोपटी रंगाचं, लांब दोन शेपट्यांचं एक पाखरू तरंगत आलं आणि सगळ्या एकदम ओरडल्या. मी तर नाचलेच.

तेवढ्यात सासूबाई आतून पाण्याने भरलेली परात घेऊन आल्या आणि त्यांनी ती बत्तीखाली ठेवली. पावसाळ्यात हे घरोघरी करतात, पाखरं पाण्यात पडतात आणि अन्नात येत नाहीत. पाहुण्यांच्या दुधात काही पडू नये, एवढाच त्यांचा हेतू. पण बघता बघता वीस-पंचवीस पाखरं पाण्यात फडफडायला लागली, आणि त्यात ते पोपटीही.

माझं डोकंच फिरलं. "आई! मारायला बोलावलंय का त्यांना? एवढंही कळत नाही?"

सासूबाईंनी परात उचलली, पाणी तुळशीपलीकडे ओतलं आणि त्या आत गेल्या. बडी बहनजी दुधाच्या पेल्यात बघत राहिल्या. नोकरी तर गेलीच, आता या घरात तोंड कसं दाखवू, असं मला झालं.

आणि नेमकं तेव्हाच एक पाखरू आलं. केवढं! ओंजळ भरेल एवढं, पिवळंधमक, प्रत्येक पंखावर काचेच्या खिडकीसारखा एक गोल. बायका मागे सरकल्या. मी घाईघाईने कापसाचा बोळा गुळाच्या पाण्यात भिजवून त्याच्यापुढे धरला.

"काहून वो ते?" दारातून सासूबाईंचा आवाज आला. "त्याले तोंडच नसते."

"कोणाला?"

"कोशाच्या पाखराले. अळी असताना खाल्लं तेवढंच. पाखरू झालं का खाणं बंद. अंडे घालते अन् मरते."

मी भिंग लावून पाहिलं. खरंच, खाण्याजोगं तोंड नव्हतंच! बीएस्सी झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं माहेर लांजीकडचं. तिथे शेजारी साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळत, आणि लहानपणी त्या गलोल घेऊन कावळे हाकलायला जात. हे त्यांनी मला दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. त्या पुढे आल्या, पाखरू अलगद उचलून व्हरांड्यातल्या एका टोपलीच्या काठावर बसवलं आणि म्हणाल्या, "मादी हाय. इथंच राहू द्या, नर येते पाहा जंगलातून." आणि आला की! तांबूस, जरा लहान, मिशा पिसासारख्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सासूबाई सांगत गेल्या आणि काकूंनी त्या जोडीची एवढी मोठी रांगोळी काढली की व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. खरं सांगते, मला आनंदाने भरून आलं आणि थोडा हेवाही वाटला. तयारी माझी आणि टाळ्या त्यांना!

बडी बहनजी म्हणाल्या, "माताजी, आप ही आ जाइए हमारे यहाँ पढ़ाने."

सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. "मले तर दुसरीतूनच काढलं, बहनजी. हिले न्या."

"हम तो कब से तैयार हैं. आपकी हाँ ही नहीं आई."

"माही?" सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. तो एकदम जोरजोरात बत्तीत हवा भरायला लागला. "मले कोणी इचारलंच नाही. शाळेतून काढलं तवा नाही, अन् आताबी नाही."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "आई, मी शाळेत शिकवायला जाऊ?"

कोणीतरी आपल्याला विचारलंय, हेच जरा वेळ ऐकत राहिल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हौ. जा."