तातेरावांचं बिनमातीचं झाड

वडीगोद्रीच्या तातेरावांना आभार मानता येत नाहीत. कुणी उपकार केले की ते त्या घरी मोसंबीची गोणी टाकून येतात आणि विषय संपला असं समजतात. अंबरीन सिस्टरच्या बाबतीत मात्र विषय संपेना.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, उषाबाईंच्या, पायाला जखम झाली आणि साखरेमुळे ती भरेना. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शहागडची अंबरीन जवळच्याच एका आरोग्य केंद्रात नर्स. ड्युटी संपली की ती रोज वाट वाकडी करून यायची, पट्टी बदलायची, उषाबाईंना गोड खाण्यावरून झापायची आणि निघायची. दोन महिन्यांनी जखम भरली, अंगठा जागेवर राहिला. मोसंबीची गोणी मात्र तिने परत पाठवली. घरात कुणाला आंबट चालत नाही, असं कारण दिलं. चाळीस वर्षं मोसंबी पिकवणाऱ्या माणसाला हे कारण अजून पचलेलं नाही.

अशात ते झाड आलं. अंबरीनच्या मंगनीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, अकिबने, पुण्याहून ऑर्किडची कुंडी पाठवली होती. फुलपाखरासारखी पांढरी फुलं अडीच महिने टिकली आणि गळाली. उरली पाच जाड पानं. तिची आई रहिमुन्निसा कुंडी फेकायला निघाली, तेव्हा अंबरीनने ती तातेरावांकडे आणली आणि म्हणाली, तुम्ही एवढी बाग फुलवता, याचं पण बघा. फेड करायची संधी चालत घरी आली होती.

"निकाहाच्या दिवशी फुलासकट आणून देतो," तातेरावांनी शब्द दिला. निकाह फेब्रुवारीत होता.

कुंडीत माती नव्हतीच, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे. तातेरावांनी ही नर्सरीवाल्याची लबाडी धरली, पण स्वतःची काळी माती घातली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यांनी केलं ते वेगळंच. इकडे मोसंबीला बहार धरायचा तर आधी ताण देतात, म्हणजे महिना-दीड महिना पाणी तोडतात. झाड पिवळं पडू लागलं की पाणी सोडायचं, मग ते फुलांनी लगडतं. दसऱ्याला तातेरावांनी ऑर्किडचं पाणी तोडलं.

मोसंबीपाशी खोड असतं, खोल गेलेली मुळं असतात, तिला उपास झेपतो. ऑर्किडपाशी पाच पानांखेरीज काही नव्हतं. दिवाळीपर्यंत ती जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी सुरकुतली. ताण बराबर बसून राह्यला, असं तातेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानाने सांगत होते.

उषाबाईंनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, "सिस्टरनं माझा पाय असाच वाळू दिल्ता का?"

तातेराव उठून बाहेर गेले आणि त्यांनी जालन्याच्या एका नर्सरीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, याला तहान नको, थंडी पाहिजे. दिवसा उजेड, पण कडक ऊन नाही, रात्री गारवा, आणि साल सुकत आली की पाणी. पाणी तोडायचं कुणी सांगितलं, असंही त्याने विचारलं. तेव्हा तातेरावांच्या फोनला अचानक आवाज येईनासा झाला.

कुंडी पंधरा मिनिटं पाण्याच्या बादलीत बसवून निथळली. दोन पानं गेली, तीन सावरली. मग तिला पूर्वेच्या ओसरीत जाळीमागे जागा मिळाली. नोव्हेंबरच्या गार रात्री तातेराव स्वतः घोंगडी पांघरत आणि ऑर्किडला उघडं ठेवत. डिसेंबरात पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक निघालं. तातेरावांनी ते मूळ समजून सोडून दिलं. मुळाचं टोक गोल असतं, हे चपटं आहे आणि वर चढतंय, म्हणजे फुलांचा दांडा आहे, हे उषाबाईंनी ओळखलं.

निकाहाच्या आदल्या दिवशी दांड्यावर सहा कळ्या होत्या, सहाही मिटलेल्या. फुलायला आणखी महिना लागणार होता. कळ्या असताना जागा बदलली तर त्या गळतात, फूल उघडलं की मग न्या, असं नर्सरीवाला बजावून बसला होता. शब्द पाळायचा तर कळ्या जाणार. तातेरावांनी शब्द मोडला.

शहागडला ते रिकाम्या हाताने गेले. जेवणं झाल्यावर रहिमुन्निसाने त्यांना आत नेलं.

"सिस्टर, चूक माझी हाय," ते म्हणाले. "मोसंबी समजून ताण दिल्ता. महिना वाया गेला. झाड जिवंत हाय, कळ्या हायेत, पण आणलं न्हाई."

नवरीला हसायची परवानगी नव्हती. तिने ओढणी तोंडावर धरली आणि खांदे हलू दिले.

"काका, जल्दी कुणाला आहे?" ती म्हणाली. "फुलू द्या आरामात."

मार्चच्या मध्यात सहावी कळी उघडली. तातेरावांनी कुंडीभोवती खोक्याच्या पुठ्ठ्याची भिंत उभारली आणि अंबरीनच्या सासरी, पुण्याला जाणाऱ्या एसटीची वेळ विचारून आले. कुणाच्या तरी गाडीत पाठवून द्या, कशाला एवढा खर्चा, असं भावकीतून सुचवण्यात आलं.

"ती साठ दिवस आपल्या दारात आली," तातेराव म्हणाले. "आपुन एकदा तिच्या दारात जाऊन येऊ."

कुंडी उचलून ते वळले. उषाबाई दोन्ही पायांत चपला घालून आधीच रस्त्यावर उभ्या होत्या, आणि एसटी दिसली, जरा पाय उचला, म्हणून त्यांनाच हाक मारत होत्या.