बाराला थांबलेला काटा

सेलच्या घड्याळांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. चावीच्या घड्याळाचं कौतुक खुशाल करा, पण जुन्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफचं वरचं बटण एकदा दाबून बघा. बाराला गप्प उभा असलेला मोठा काटा स्टॉपवॉचसारखा चालू लागतो. पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की गर्रकन घरी परततो. मी हे वेड गेली कित्येक वर्षं जपलंय आणि त्याचा मला अभिमान आहे.

पहिला क्रोनोग्राफ मी घेतला तो धाकट्या बहिणीच्या लग्नात, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. जावयाला घड्याळ द्यायचं तर साधं कशाला! आम्ही असोद्याचे, वऱ्हाड धुळ्याकडचं. बहीण जळगावला नर्स. घड्याळ आणलं तेव्हा बटणांशी माझ्याआधी तीच खेळली होती.

मांडवात नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ चढलं. त्याचे थोरले काका, सगळे त्यांना नाना म्हणत, वाकून बघू लागले. मोठा काटा हलेना. सेकंद खालच्या छोट्या तबकडीत फिरत होते, पण तिकडे कोण बघतंय?

"बंद घड्याळ शे हाई!" नाना कडाडले. "जावयाला फसवता?"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. आता वऱ्हाड उठतं की काय, या भीतीने माझी तर बोबडीच वळली. सगळी अक्कल माझी, आणि अब्रू जायची बहिणीची!

तेवढ्यात नवरीच उठली. नवरदेवाचा घड्याळाचा हात तिने पुढे ओढला, दुसऱ्या हाताने सरळ नानांचं मनगट धरलं.

"नाना, बोलू नका. नाडी मोजतेय."

बटण दाबलं. काटा निघाला. मुंडावळ्या बाजूला सारून ती मोजत राहिली, आणि एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा गुमान उभा. अर्धं मिनिट झालं, तिने काटा थांबवला.

"घड्याळ ठणठणीत आहे. नाडीच जोरात पळतेय. रागवत जाऊ नका."

अख्खा मांडव हसला. आधी नाना हसले, हे विशेष. मग पुतण्याला म्हणाले, "काढ रे ते. घड्याळ हिना हातमा शोभस."

त्याने काढून तिला बांधलं. तिच्या मनगटाला पट्टा चांगलाच ढगळ होत होता, तरी तिने हात खाली केला नाही.