दोन पानं आणि एक गुरुवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

माझं मन एका जागी बसत नाही. का भटकतं, ते कळावं म्हणून अलीकडे एक सवय लावून घेतली आहे. क्युरपिप शहरातल्या कचेरीत कागद वाचताना मन निसटलं, की समासात पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं. टिंबं पाहून एवढंच समजलं — मन जाताना सांगून जात नाही. पण परत आलेलं कळतं. तिथून पुढं काय करायचं, ते आपल्या हातात असतं.

मग बों अक्योयला, माझ्या गावी, त्या दुपारी काय झालं होतं?

तेव्हा मी विशीतला. गावात पोथी वाचता येणारा मी एकटाच — त्याची ऐटही होती. शेजारच्या यशोदाकाकीची लेक तापानं अंथरुणाला खिळली होती. काकीनं घरी सात दिवसांचं पारायण मांडलं आणि कडक उपास धरला. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ओठ वाचत होते आणि मन क्युरपिपला — कारकुनाच्या जागेचा निकाल लागायचा होता. भानावर आलो, तर वनवासातला राजा एकदम सिंहासनावर. दोन पानं चिकटून उलटली होती. मागं जाता आलं असतं — नाही का? पण समोर उसाच्या रानातून आलेलं सगळं गाव बसलेलं. चुकलो म्हणायची लाज वाटली. पुढं वाचत गेलो.

आठवड्यानं लेक गेली. दोन पानांनी ती जगली असती, असं मी मानत नाही. काकी मात्र अशा चुका मानणारी होती. तिनं माझ्या दारात येऊन विचारलं, "बाला, माजाच काय चुकला काय रे?"

आणि मी — "असंल, काकी. उपासात कायतरी झाला असंल."

तिनं आठवून पाहिलं. त्याच गुरुवारी लेकीच्या पेजेचं मीठ चाखलं होतं. "तोच," म्हणाली, आणि गेली.

पोथीपुढं मन भटकलं होतं, खरं. दारात मात्र ते जागेवर होतं. मला सगळं आठवत होतं.

गेल्या आठवड्यात, गुरुवारीच, गावी गेलो. काकीनं तांबडे गोयाव — आपले लहान पेरू — ताटलीत घालून पुढं ठेवले. स्वतः एकही घेतला नाही. लेक गेल्यापासून दर गुरुवारी ती पाणीसुद्धा घेत नाही, बारा वर्षं झाली. मी तिच्यासमोर बसून सगळे खाल्ले.