कोराडीला स्थलांतर

वर्षाच्या शेवटच्या रविवारी नागपुरात सदरच्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपली तरी कुणी घरी जात नसे. त्या दिवशी मंडळीचा वार्षिक अहवाल वाचला जायचा. किती बाळं जन्मली, कुणाचे बाप्तिस्मे झाले, कुणाची लग्नं झाली, कोण देवाघरी गेलं, कोण बदली होऊन गाव सोडून गेलं, सगळं नावानिशी. मग पाळकसाहेब विचारत, "काही दुरुस्ती?" एखादे आजोबा गळक्या छपराबद्दल कुरकुर करत, कुणीतरी हात वर करून अनुमोदन देई, आणि अहवाल मंजूर झाला की लोक चहा-करंज्यांकडे धावत. बाहेरच्याला यात काय गंमत वाटणार? पण आम्हा दोघी बहिणींना आपलं नाव सगळ्यांसमोर वाचलं जाण्याचं भारी अप्रूप होतं. ताईनं पहिलं प्रभुभोजन घेतलं त्या वर्षी तिचं नाव वाचलं गेलं, तेव्हा बाईसाहेब दिवसभर ताठ मानेनं फिरत होत्या.

अहवाल लिहिणारे आणि वाचणारे चिटणीस म्हणजे आमचे पपा. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण त्यांचा खरा रुबाब चर्चमध्ये. दरवर्षी डिसेंबरात जेवणं झाली की ते आम्हाला अहवाल वाचून दाखवत आणि आई चुका काढायची. "ते पोरगं ईस्टरले नाही झालं, त्याच्या आधीच झालं," असं ती ताटं उचलता उचलता सांगे, आणि पपा निमूटपणे खोडत.

त्या वर्षी त्यांनी वाचून दाखवला नाही.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. दिवाळीच्या सुमारास ताईनं कोर्टात लग्न केलं होतं. ती कोराडीच्या कॉलनीतल्या दवाखान्यात नर्स होती, मुलगा तिथेच वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन, बौद्ध घरातला. मुलात खोट काढायला जागा नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण आमच्या मंडळीचा रिवाज असा, की ज्या पंचाच्या, म्हणजे चर्चच्या पदाधिकाऱ्याच्या, लेकरानं बाहेर लग्न केलं त्यानं आपणहून पद सोडायचं. काही वर्षांपूर्वी रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या पंचांवर ही पाळी आली, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन त्यांना समजावणारे पपाच होते. आता त्यांचं झालं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या महिन्यात आमचं घर एका जागी बसलंच नाही. पपा जेवता जेवता उठायचे, लावलेलं दार पुन्हा लावून यायचे. आई डबे भरले तरी करंज्या तळत राहायची. मी बी.ए.चं पुस्तक उघडून त्याच एका पानावर चिडत बसायची. मला सगळ्यांचाच राग येत होता. ताईचा, कारण तिनं तिकडे संसार मांडला आणि धुमसणं आमच्या वाट्याला ठेवलं. पपांचा, कारण त्यांना लेकीपेक्षा खुर्ची प्यारी. आणि आईचा तर सगळ्यात जास्त, कारण ती काही बोलतच नव्हती.

नाताळ झाल्यावर आई "महालच्या बाजारात काम आहे" असं सांगून मला घेऊन निघाली आणि सरळ कोराडीच्या बसमध्ये जाऊन बसली. मांडीवर करंज्यांचा डबा. ताई क्वार्टरच्या मागे दोरीवरचे कपडे झटकत होती. धुतलेल्या कपड्यांवरही तिथे वीज केंद्राची राख बसायची. जावयानं स्वतः चहा केला, जरा जास्तच गोड. निघताना ताईनं आमच्याकडे न बघता विचारलं, "आई, पपा यंदा माझं लग्न वाचतीन का वं?"

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी आईनं पपांना गाठलं.

"पोरीचं लग्न वाचून राहिले ना तुम्ही?"

"चर्चमध्ये झालेली लग्नं वाचतात. तिचं कुठं चर्चमध्ये झालं?"

"लग्न नसंन चर्चचं. लेक तं चर्चची आहे ना?"

पपा मफलर गुंडाळून बाहेर पडले ते बऱ्याच वेळानं आले.

रविवारी मी आईशेजारी बसले, बायकांच्या बाजूला. आमच्याकडे पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे बसत, नवराबायकोसुद्धा. पपा समोरच्या चौथऱ्यावर टेबलापाशी उभे राहिले. जन्म झाले, बाप्तिस्मे झाले. लग्नं तीन. त्यात ताई नव्हती. मी उठायला लागले; आईनं गुडघ्यावर हात दाबून मला बसवलं. मृतांच्या नावांना सगळे उभे राहिले, बसले. मग स्थलांतर. रेल्वेतलं एक कुटुंब बिलासपूरला, एक विधवा बाई मुलाकडे पुण्याला. आणि मग पपांनी ताईचं नाव वाचलं. पुढे म्हणाले, "कोराडी."

मागे कुणीतरी हसलं. हसणारच! कोराडीहून लोक भाजी घ्यायला नागपुरात येत. पण पपांनी आईकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी तिच्यासाठी काहीतरी मोठं केलं होतं. नावही वाचलं गेलं, पदही राहिलं. तो कागद फाडून टाकावा असं मला वाटलं.

"काही दुरुस्ती?" पाळकसाहेबांनी विचारलं. लोक चहासाठी चपला शोधायला लागले होते.

आई उभी राहिली. दुरुस्तीला बाई उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "लग्नं तीन नाही, चार झाले. माही पोरगी बदली होऊन नाही गेली. नवऱ्याच्या घरी गेली."

पाळकसाहेब खाकरले. "दुरुस्तीला अनुमोदन लागतं. कुणाचं आहे?"

मी ताडकन हात वर केला.

"एकवीस पुरी झाल्याशिवाय मत नाही, बाळ," ते म्हणाले. दुसरा हात वर झाला नाही. जे दिवाळीपासून आईला वाटेत थांबवून हळहळत होते, ते सगळे आता छपराकडे बघत होते. आई तशीच उभी. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं.

"माझं अनुमोदन आहे," पपा म्हणाले.

"चिटणिसाला आपल्याच अहवालावर अनुमोदन देता येत नाही," पाळकसाहेब हलकेच म्हणाले. "नियम तुम्हीच केलाय."

पपांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कागद टेबलावर ठेवला. चौथऱ्याच्या पायऱ्या उतरले, पुरुषांचे बाक ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि आमच्या बाकापाशी थांबले. मी सरकले. ते आईशेजारी बसले, आणि त्यांनी हात वर केला.

"आता देता येते?"