वॉर्निंग पुसून टाकली तेव्हा

"ती ओरडत नाहीये गं, सांगतेय." स्क्रीनवर वॉर्निंग आली की आमचे सर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे. मग खुर्ची इतकी पुढे ओढायचे की नाक स्क्रीनला टेकेल.

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कंपनीत हॉस्पिटलांसाठी डेटा स्टोरेजचे डबे बनायचे. एक्स-रे, स्कॅन, सगळं त्यात. डब्यातल्या डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सरांनी लिहिलेला. सर सटाण्याचे, रागावले की अहिराणी यायची. "हाई खोटं शे!" म्हणजे हे खोटं आहे, एवढंच; पण ऐकून मॅनेजरही दचकायचा. आम्ही मागे नक्कल करायचो. सरांना ते माहीत होतं. "'शे' जरा लांबव गं," म्हणून स्वतःच शिकवायचे.

कर्नेल, म्हणजे डब्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कामं रांगा लावून करतो. काही रांगांवर खूण असते : मेमरी संपली तरी ही रांग थांबणार नाही. आमच्या ड्रायव्हरची खुणेची रांग एका बिनखुणेच्या रांगेसाठी खोळंबत होती. मेमरी भरली की ती अडकणार, तिच्यामागे आमची, आणि अख्खा डबा गोठणार. वॉर्निंग नेमकं हेच सांगत होती. दुरुस्तीला आठवडा हवा होता. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता.

मॅनेजरने आमच्या रांगेवरची खूणच काढून टाकली. वॉर्निंग गायब!

"गेली ना, सर?" मॅनेजर म्हणाला.

"वॉर्निंग गेली. अडकणं कुठे गेलं? हाई खोटं शे. माझं नाव यावर नको."

त्याने बदलाच्या नोंदीवर नेमकं सरांचंच नाव घातलं. याला मी चूक म्हणणार नाही. हा खोटेपणा आहे, आणि तो पगारी आहे.

सरांनी वर तक्रार केली, तर एचआरने राजीनामा पुढे ठेवला : वैयक्तिक कारणास्तव.

"यात माझं वैयक्तिक काय आहे?"

"सर, तो फॉरमॅट आहे."

पुढे एका हॉस्पिटलचा डबा गोठला. पेशंट टेबलावर, आणि स्कॅन उघडेना. कंपनीने कळवलं, चूक नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरची. नाव होतंच तिथे. तुम्हीच सांगा, त्यानंतर सरांना नाशिकमध्ये कोण घेणार?

मी तोवर युनियनच्या कामात पडले होते. "सर, केस टाकू. पत्रक मी काढते."

"काढ. पण आधी मी घरी केलेली दुरुस्ती कंपनीत पोचू दे. बाकीचे डबेही तसेच आहेत गं."

सर मागच्या थंडीत गेले. मला ते अजून दिसतात, त्या दिवशी माझ्यासोबत कंपनीच्या गेटवर. हातात दुरुस्तीचा पेनड्राइव्ह. वॉचमनने आत फोन लावला. "सर, घेऊ नका म्हणतात." सरांनी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कोणती रांग कोणासाठी खोळंबते ते शांतपणे सांगू लागले. तिकडून फोन केव्हाच ठेवला होता. वॉचमनला ते कळलं होतं. तरी सरांचं बोलून होईपर्यंत त्याने रिसीव्हर परत मागितला नाही.