पहिल्या लेखकाचे चाचा

“सासू बदलली नाय रे, लिहिणारा बदलला!”

चाचांचं हे वाक्य आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज निदान दोनदा व्हायचं. भारतातले साडेसात म्हणजे बहरीनचे पाच. काम संपवून अस्करच्या कारखान्यातून बस मनामाकडे निघायची आणि तिकडे मालिका सुरू व्हायची. चाचा शर्टाच्या टोकाने मोबाइल पुसायचे, आणि आम्ही चार मराठी माणसं त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो.

मालिका इतकी जुनी, की तिचे तीन मुख्य लेखक झाले होते. चाचा पहिल्याचे. “त्याची सून गप्प बसायची, तरी सगळं समजायचं!” आमच्या ऑफिसातल्या वसईच्या आंटी दुसऱ्याच्या. “गप्प बसायला घरी माझा नवरा आहे. दुसऱ्याने निदान विमान तरी पाडलं!”

तिसऱ्याच्या बाजूने बसमध्ये कोणी नव्हतं. त्याची एकच कट्टर चाहती होती, ती रत्नागिरीत. आमची चाची. भाग संपला की चाचा तिला फोन लावायचे. “तुझ्या तिसऱ्याला अक्कल नाय!” तिकडून खणखणीत उत्तर यायचं. स्पीकर चालूच असायचा, त्यामुळे आम्हाला दोन मालिका मिळत.

चाचांची नोकरी संपत आली. व्हिसा कॅन्सल करण्याच्या धावपळीत त्यांचा एक भाग हुकला, आणि आंटींनी डाव साधला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच भागातला प्रसंग त्यांनी नुसता ऐकवला. “डोळे मिटा चाचा, आणि सांगा कोणाचा.”

सासू रुसलेल्या सुनेची समजूत घालत होती. चाचांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. “पहिल्याचा! दुसऱ्या कोणाची टाप नाय!”

आंटींनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. कालचा भाग, लेखक तिसरा. आम्ही असे खिदळलो, की ड्रायव्हरने आरशातून डोळे वटारले. “यल्ला, चला चाचा, लावा फोन चाचीला!”

चाचांनी लावला आणि हार कबूल केली. चाचीला हसून हसून ठसका लागला. फोन ठेवल्यावर मात्र ते खिडकीकडे तोंड करून बसले.

“सव्वीस वर्षं मी इकडे, ती तिकडे,” ते मला हळूच म्हणाले. “लीव्ह सोडली तर एका घरात राहिलोच नाय. या भांडणापायी रोज बोलणं तरी व्हायचं. आता ते पण खलास. घरी जाऊन बोलू काय तिच्याशी?”

मला आमच्या थट्टेची लाज वाटली.

चाचा गेले. पुढच्या सोमवारी त्यांची सीट रिकामी होती. भाग संपताच आम्ही रत्नागिरीला फोन लावला. चाचीने उचलला.

“चाचांना द्या ना.”

“नाय यायचे ते. रागाने टीव्ही बंद करून अंगणात बसलेत.”

“अरे देवा! काय झालं?”

“तिसरा सुधारला, तो म्हणे पहिल्याची नक्कल करून! असं बोलतात? तुम्ही ठेवा फोन. आमचं भांडण अर्धं राहिलंय.”